सातवी आसरा

“तुमी एकदा हे खेळून बघा. मला पुढं बघवत न्हाई.”

संगिता आडेनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि पदर सावरून खुर्चीत मागे सरकली. पडद्यावर बैलांची एक लांब रांग माळावरून चालली होती. गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. आभाळ मात्र रक्ताळल्यासारखं लाल.

हिंगोलीत औषधाच्या दुकानावर मिना कुटेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर व्यंकटराव तिची गाडी चालवत आणि मधूनमधून आपलं मतही देत.

“रणजीत आडे म्हणजे घुंगरमाळ गेम्सवाला ना?” व्यंकटराव म्हणाले. “पेपरात आलं होतं. बारवेत पाय घसरला त्याचा.”

“पाय घसरला न्हाई,” संगिता म्हणाली. “माझा नवरा त्या पायऱ्यांवर खेळून लहानाचा मोठा झालता.”

“सुरुवातीपासून सांगा,” मिनानं तिच्यापुढं पाणी सरकवलं.

“मे महिन्यात गाळ काढायला तांड्यानं बारव उपसली. पंप लावून. तळाच्या ओट्यावर साती आसरा, पाण्यातल्या देव्या, निघाल्या, दगडाच्या. आमच्या सासूनं बी कधी पाह्यल्या नव्हत्या, सदा पाण्याखालीच. दुपारी आमी बाया उतरलो. मी सोता एकेकीच्या कपाळाला तेल-शेंदूर लावला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर लेकरागत खूश झाले. दिवस कलताना निघाले. दारातून म्हनले, ‘आमी बारवेवर जाऊन येतो.’”

“आमी?”

“व्हय. पोलिसांना मी तेच सांगितलं. साहेब म्हनले, तुमच्याकडं एकटा मानूस बी आमीच म्हनतो. म्हनतात बाकीचे. हे न्हाई. पुस्तकं वाचून वाचून ह्यांची जीभ बदलली होती. एकटे असले की ‘मी’ म्हनायचे.”

“मग एवढे दिवस थांबलात. आताच काहून आलात?”

संगितानं मोबाइलकडं बोट केलं. “काल हे आलं. चाचणीसाठी पाठवून राहिले लोकांना. ‘लदेणी’ नाव ठेवलतं ह्यांनी. आमचे जुने बंजारे लोक बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर न्यायचे, तिलाच म्हनतात लदेणी. एकेक गाणं, एकेक दागिना म्हाताऱ्यांना इचारून केलता. आता बघा, त्याच लोकांच्या हातात तलवारी दिल्या. गाव लुटून राहिले. तिथंच मी बंद केलं.”

तिनं शवचिकित्सेच्या अहवालाची झेरॉक्स पुढं केली. मिनानं ती शांतपणे वाचली.

“डोक्याला मार आहे,” ती म्हणाली. “पण मृत्यू बुडून.”

“उपसलेल्या बारवेत?” व्यंकटराव पुटपुटले.

संगिता गेल्यावर मिनानं खेळ आपल्या मोबाइलवर घेऊन शेवटपर्यंत नेला. जळणारं गाव मागे टाकून नायक एका बारवेपाशी येतो. पायऱ्या उतरतो. प्रत्येक पायरीगणिक उजेड कमी होतो, घंटा मंदावतात आणि उरतो फक्त पाणी ठिबकण्याचा आवाज. तळाला ओट्यावर सात बायका बसलेल्या. मोकळे केस, उघडे डोळे. सातवीला डोकं नाही.

“बंद करा हो ते,” व्यंकटराव म्हणाले. “आसरांशी असले खेळ बरे न्हाईत.”

मिनानं तो प्रसंग पुन्हा लावला.

जवळा बाजार या गावात जुन्या जिनिंगच्या गोदामात घुंगरमाळ गेम्सचं ऑफिस होतं. पत्र्याचं उंच छप्पर, कोपऱ्यात अजून सरकीचा वास, आणि मधोमध चार टेबलं. एक टेबल रिकामं होतं. त्यावरचा कॉम्प्युटर पांढऱ्या कापडानं झाकलेला.

चित्रं काढणारी दीपमाला आधी बोलली. बोलता बोलता तिचे डोळे भरून येत होते.

“रणजीतदादाच्या घरी सुरू केलं आम्ही. एक जुना कॉम्प्युटर, तोही वीज गेली की ठप्प. पहिला खेळ आठवडी बाजारावर केला, तो कुणी विचारला नाही. दुसरा शेळ्या राखायचा. तो पोरांना आवडला, आणि आम्हाला वाटलं, जमतंय. मग हे गोदाम घेतलं. ‘लदेणी’चे थोडे भाग पुण्याच्या स्पर्धेत दाखवले आणि पेपरात फोटो आला. रणजीतदादाचा.”

“फक्त त्याचाच?”

“तोच बोलायचा ना सगळीकडे. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.” ती थांबली. “मला तरी नाही.”

“शेवटची बारव छान काढली आहेस.”

“ती माझी नाही. माणसं, बैल, दागिने माझे. बारव मोहनसिंगनं एकट्यानं बांधली, रणजीतदादा गेल्यावर. मला हातसुद्धा लावू दिला नाही. म्हणाला, भावाची आठवण आहे.”

“त्या दिवशी तू कुठं होतीस?”

“कळमनुरीला, माहेरी. बहिणीच्या बाळाचं बारसं होतं.”

शिवहार पोले धनगराच्या घरचा, दांडगा, मोठ्या आवाजाचा. स्टुडिओचा व्यवहार त्याच्याकडं होता. तलवारींचं विचारल्यावर त्यानं नजर चुकवली नाही.

“हैदराबादच्या कंपनीला खेळ पाहिजे होता. पण त्यांना मीठ विकणारे न्हाई, दरोडेखोर पाहिजेत. मी म्हणलं, देऊन टाकू. रणजीत म्हणला, सही करणार न्हाई. भांडलो आमी, सगळ्यांसमोर भांडलो.”

“आणि तो गेल्यावर?”

“मोहनसिंग म्हणला, आता करून टाकू. मी न्हाई म्हणलो न्हाई.”

“त्या संध्याकाळी कुठं होतात?”

“नांदेडला.”

“तिथं कुणाकडं?”

शिवहारनं घाम पुसला. “बराबर हाय, खोटं बोललो. हैदराबादला गेलतो, कंपनीच्या लोकांना भेटायला. रणजीतला न सांगता. इकडं त्याचा जीव चालला होता आणि तिकडं मी त्यांच्यासोबत जेवत होतो. हे कोणाला सांगू?”

बाहेर आल्यावर व्यंकटराव कुजबुजले, “हाच. एकदा खोटं बोलला तो दुसऱ्यांदा बोलतोच.”

“हैदराबादची चौकशी फोनवर होईल,” मिना म्हणाली. “मोहनसिंगला बोलवा.”

मोहनसिंग आडे हा रणजीतच्या चुलत्याचा मुलगा. सडपातळ, नीटनेटका, हळू बोलणारा. खेळ चालतो तो त्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर.

“त्या दिवशी मी इथंच काम करत होतो,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पोचलो तेव्हा त्याला घरी आणलं होतं.”

“बारवेवर गेला नाहीत?”

“लहानपणी गेलो असेन. त्यानंतर नाही.”

“मग इतकी बारकाईनं कशी बांधली?”

“रणजीतची चित्रं होती.” त्यानं पडद्यावर ती उघडून दाखवली. पेन्सिलीनं काढलेल्या सात बायका, माना ताठ, चेहऱ्यांवर हसू. “म्हाताऱ्यांकडून ऐकून त्यानं आधीच काढल्या होत्या. ओटा, पायऱ्या तांड्यातल्या लोकांनी सांगितल्या. बाकी कल्पना.”

“कल्पना भीती वाटेल अशी आहे.”

“तेच पाहिजे असतं,” मोहनसिंग म्हणाला.

पुसेगावच्या अलीकडं, सोयाबीनच्या हिरव्या रानातून गाडी तांड्यावर पोचली. बारव आता काठोकाठ भरली होती. पाणी काळं, जरासुद्धा न हलणारं. रणजीतचे वडील भावसिंग काठावर उभे राहिले, पण पायरीवर त्यांनी पाय ठेवला नाही.

“रणजीत सापडला त्या सकाळी कोण उतरलं होतं?” मिनानं विचारलं.

“मी एकटा. बाकीचे वर दोर धरून. रात्रीतून झऱ्यानं कमरेएवढं पाणी आणलतं. ओट्याला लागूनच व्हता माझा रणजीत.”

“आसरा पाहिल्यात?”

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. तो घरात गेला आणि फडक्यातली एक गाठोडी घेऊन आला.

“कोनाला सांगितलं न्हाई. बायकोला बी न्हाई. आसरा भंगली म्हनून तांड्यात कळलं असतं, तर लोकांनी माझ्या मेलेल्या लेकराला बोल लावला असता. हे त्याच्या खांद्याखाली सापडलं. मी डोक्याचा पटका सोडून साती जणी झाकल्या. मग त्याला दोरानं वर दिलं. दुपारपर्यंत ओटा पान्याखाली गेला.”

फडक्यात मुठीएवढं दगडी डोकं होतं. कपाळावर शेंदूर चिकटून राहिला होता. मानेशी तुटलेला भाग ताजा, पांढरट.

व्यंकटरावांनी हात जोडले. “कोप झाला म्हणायचा.”

“कोप नाही, व्यंकटराव,” मिना म्हणाली. “साक्ष.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामात सगळे जमले. आभाळ भरून आल्यामुळं आत दिवे लावावे लागले. पत्र्याखाली हवा कोंडली होती. दाराशी फौजदार आणि दोन शिपाई बसले होते. हैदराबादच्या भेटीची त्यांनी खात्री करून घेतली होती. भावसिंग आणि संगिता भिंतीकडेच्या बाकावर. मोठ्या पडद्यावर बारवेचा तळ होता. सात आसरा समोर बघत होत्या.

“शिवहारराव हैदराबादला होते, दीपमाला बारशाला,” मिनानं सुरुवात केली. “पण मी सुरुवात तिथून केली नाही, या चित्रापासून केली. सातवीला डोकं नाही. का नाही?”

“मूर्ती जुनी हाय. फुटली असंल कवाच,” शिवहार म्हणाला.

“ज्यानं बांधली त्यालाही तसंच वाटलं. संगिताताई, त्या दुपारी शेंदूर किती जणींच्या कपाळाला लावला?”

“साती जणींच्या,” संगिता उठून उभी राहिली. पडद्यावरची आसरा तिनं आज पहिल्यांदा पाहिली होती. “हिला डोकं व्हतं. माझ्या हातानं लावलाय मी शेंदूर!”

“तो अजून आहे.” मिनानं फडकं उलगडलं. “म्हणजे बायका वर आल्यानंतर हे तुटलं. सापडलं रणजीतच्या अंगाखाली. तो वरून पडला, ओट्यावर आपटला, तेव्हा तुटलं. सकाळी खाली उतरले फक्त भावसिंगबाबा. त्यांनी मूर्ती झाकल्या आणि कुणाला सांगितलं नाही. मग पाणी चढलं, ते आजही उतरलेलं नाही.”

व्यंकटरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “म्हणजे... बिनडोक्याची आसरा पाहिली एकट्या बाबांनी.”

“आणि रणजीत पडल्यावर जो त्याच्याजवळ उभा होता त्यानं.” मिना वळली. “रणजीतच्या चित्रांत सातही डोकी आहेत. तांड्यातलं कुणी सांगितलं असतं, तरी सातच सांगितली असती. मोहनसिंग, सातवीचं डोकं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मोहनसिंगनं पडद्याकडं पाहिलं.

“कल्पना आहे माझी.”

“मान उजवीकडून तिरकी तुटली, एवढीसुद्धा?” तिनं दगडी डोकं पडद्याच्या उजेडात धरलं. तुटीचा उतार चित्रातल्या मानेवर जसाच्या तसा जुळत होता. “तुम्हाला ते लपवावं असं वाटलंच नाही, कारण मूर्ती पूर्वीपासून भंगलेली आहे अशी तुमची समजूत होती. ‘आमी’ जाऊन येतो म्हणाला रणजीत. दुसरे तुम्ही होतात.”

मग मोहनसिंग बोलला, तसाच हळू आवाजात.

“मी समजवायला गेलो होतो. हैदराबादला मला जागा मिळणार होती, माझ्या नावानं. चार वर्षं एकेक ओळ मी लिहिली, आणि लोक म्हणायचे रणजीतचा खेळ. त्याला म्हणलं, तलवारी दे त्यांना, काय बिघडतं? तो म्हणला, आपल्या आज्याला चोराची जात म्हणून रोज चौकीवर हजेरी लावायला नेत होते, तू तोच शिक्का परत मारतो का? पायऱ्यांवर हात धरला त्यानं माझा. मी ढकललं. तेवढंच. मरावा म्हणून नाही ढकललं.”

“ढकललंत तेव्हा तो मेलाही नाही,” मिना म्हणाली. “अहवालात मृत्यू बुडून आहे. तुम्ही उतरलात, मोबाइलच्या उजेडात पाहिलंत. तेव्हा तळाला घोट्याएवढंही पाणी नव्हतं. पंप बंद होता आणि झरा चालू; रात्री चढलेल्या पाण्यात तो बुडाला. तांडा हाकेच्या अंतरावर होता.”

मोहनसिंगनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

भावसिंग बाकावरून उठले. काठी टेकत पुतण्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढला नव्हता.

“आवाज दिलता का त्यानं?”

भावसिंगांनी त्याचे हात तोंडावरून खाली ओढले.

“मोहन्या, मी इचारून राहिलो. आवाज दिलता का?”

“दिला,” मोहनसिंग म्हणाला. “पाणी मागत होता. मी उजेड फिरवला, तर ती बिनडोक्याची बाई दिसली. मी पळालो, काका.”

फौजदार पुढं झाला. मोहनसिंग विरोध न करता त्याच्याबरोबर निघाला. दारात त्यानं मागे वळून पाहिलं, पण त्याच्याकडं कुणीच पाहत नव्हतं. दीपमाला रडत होती. शिवहारनं तिला सावरलं आणि दुसऱ्या हातानं पडदा बंद केला.

“बाबा, बसा थोडं,” मिना म्हणाली. “व्यंकटराव तुम्हाला घरी सोडतील.”

“घरी न्हाई.” भावसिंगांनी काठी नीट धरली. “आधी मोहन्याच्या मायकडं. एकटीच हाय ती, नवरा बी न्हाई. पोलिसाच्या तोंडून कळायला नको तिला.”

संगितानं पुढं होऊन सासऱ्यांचा हात धरला.

“चला,” ती म्हणाली. “मी बी येते.”