नागूबाईची जागा

तेरखेड्याच्या माळावर फटाक्यांची एक शेड आहे आणि तिच्या दारात पत्र्याचा एक डबा असतो. आत जाणाऱ्या बाईनं चपला बाहेर काढायच्या आणि बांगड्या, जोडवी, मोबाइल सगळं त्या डब्यात ठेवायचं. दारूपाशी धातू नको, बॅटरी नको. सायराबी आणखी एक वस्तू ठेवायची, कानातलं मशीन. डबा सांभाळणारा चाँदपाशा ते रुमालात गुंडाळून बाजूला ठेवी आणि सायराबी दिवसभरासाठी ठार बहिरी होऊन आत जाई.

बहिरेपणाचं तिला एवढं वाटत नसे. वाटायचं ते माणसांचं. माणसं एकदा सांगतात, दुसऱ्यांदा ओरडून सांगतात आणि तिसऱ्यांदा हात झटकून म्हणतात, जाऊ दे, काही नाही. पोटची पोर निखत, तीसुद्धा म्हणायची, "जाने दे अम्मी, कुछ नै." त्या 'कुछ नै'मध्ये आपल्या वाटणीचं काय काय वाहून गेलं असेल, याचा सायराबी रात्र रात्र विचार करी.

म्हणून तिनं एक युक्ती धरली होती. कळो न कळो, मान हलवून "व्हय" म्हणायचं. लोक वेड घेऊन पेडगावला जातात, सायराबी शहाणपण घेऊन जायची.

फक्त नागूबाईपुढं ही युक्ती लागत नसे. दोघी वीस वर्षं समोरासमोर बसून बॉम्बला सुतळी गुंडाळत आल्या होत्या. सायराबीला ओठ वाचता येतात हे कळल्यावर नागूबाईनं तिच्याशी बोलताना आवाज काढणंच सोडलं. नुसते ओठ हलवायची. सुनेची गाऱ्हाणी, एकादशीचा फराळ, मुकादमाची टवाळी, सगळं अथपासून इतिपर्यंत. एक शब्द गाळायची नाही.

चैत्रात नागूबाई झोपेतच गेली. तिची जागा खिडकीखाली होती. मेलेल्या बाईच्या जागेवर वर्षभर कुणी बसायचं नाही, ही त्या शेडची जुनी रीत. तिथलं गोणपाट तसंच राहिलं.

भाद्रपदातल्या एका दुपारी सायराबीनं सुतळीचा पीळ आवळला, मान वर केली, तर समोर नागूबाई बसलेली. खिडकीतून ऊन येत होतं आणि उन्हात कागदाची बारीक धूळ तरंगत होती. नागूबाईचे ओठ हलले. "जेवलीस का, सायरा?"

"जेवले की," सायराबी म्हणाली आणि मग तिला आठवलं.

शेजारच्या बायकांनी वळून पाहिलं. सायराबीनं मान खाली घातली. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. पाच महिन्यांत तिच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

मग रोजच झालं. ऊन गोणपाटावर आलं की नागूबाई यायची. हातात सुतळी नसे, तरी बोटं फिरत असायची. सायराबी आवाज न करता उत्तरं द्यायची. शेडमध्ये तीस बायका होत्या, सगळ्या धडधाकट कानांच्या. एकीलाही त्याचा पत्ता नव्हता.

दिवाळी जवळ आली, माल कमी पडू लागला. निखतचा नर्सिंगला नंबर लागला होता. जायला महिना होता. तेवढ्यात चार पैसे होतील म्हणून ती शेडमध्ये यायचं म्हणाली. त्या दुपारी नागूबाईनं गप्पा मारल्या नाहीत.

"पोरगी येतीया न्हवं? माझ्या जागंवर बसू देऊ नगंस तिला."

"का गं?"

"हितनं उठता येत न्हाय, सायरा."

संध्याकाळी मुकादम महांतेश आला. दारूची धूळ लागू नये म्हणून त्यानं तोंडाला उपरणं बांधलेलं. सायराबी म्हणाली, "निखतला माझ्याशेजारी बसवा, मुकादम. खिडकीखाली नगं." उपरण्याआड त्याचं तोंड हललं. हात खिडकीकडं गेला, मग उद्यापासूनचं काम विचारायला दारात आलेल्या नव्या बायकांकडं गेला. काहीतरी विचारून तो थांबला.

सायराबीला वाटलं, उपरणं काढायला सांगावं. पण बायका बघत होत्या.

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सायराबी गोंदाची बादली आणायला गेली आणि परत आली, तोवर नव्या बायकांनी बाकीच्या जागा भरल्या होत्या आणि निखत खिडकीखाली बसली होती. पिवळी ओढणी कमरेला खोचून तिनं पहिला बॉम्ब हातात घेतला होता. सायराबीनं तिला हातानं खुणावलं, ऊठ, इकडं ये. निखतनं हसून नकाराची मान हलवली. मुकादमानं सायराबीचा खांदा धरून तिला खाली बसवलं. तूच तर व्हय म्हणालीस, हे तिनं त्याच्या डोळ्यांत वाचलं.

ऊन गोणपाटावर आलं. नागूबाई आली नाही.

सायराबीनं दिवसभर पोरीवरची नजर काढली नाही. पाच वाजता बायका उठल्या. निखतही उठली, ओढणी झटकली आणि आईजवळ आली. सायराबीचा जीव भांड्यात पडला. पोरीला पुढं घालून ती दाराशी आली.

चाँदपाशानं रुमाल उलगडला. मशीन कानात बसलं आणि जग परत आलं. चपलांची फटफट, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, दूर हायवेवरचा ट्रक.

निखत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नीट तोंडासमोर, उजेडात.

"अम्मी, अब सब बोलूँगी. कुछ बी नै छोडूँगी."

ओठ हलले. घंटा वाजत होत्या. निखतचा आवाज आला नाही.

सायराबीनं मशीनवर बोट फिरवलं. मशीन चालू होतं.

"सायराबी," चाँदपाशाचा आवाज स्वच्छ आला. तो तिच्या पाठीमागं, शेडकडं बघत होता. डब्यात निखतच्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या. "पोरगी एकटीच आत बसलीया अजून. सगळ्या गेल्या. हाक मारा की तिला."

सायराबी वळली. खिडकीखाली पिवळी ओढणी दिसत होती. मान खाली, बोटं फिरत होती.

चाँदपाशाचा शब्द न् शब्द तिला ऐकू आला होता.

"व्हय," सायराबी म्हणाली.