मागची डावी बाजू

तीन आठवडे त्याचं हेच चाललं होतं. पंपघरातून घरी यायचं, घोटभर चहा घ्यायचा, फाटकी पँट चढवायची आणि गॅरेजमध्ये गाडीखाली शिरायचं. माणूस पाणीपुरवठ्यात फिटर, म्हणून सगळे त्याला फिटरच म्हणत. वय पंचावन्न, वजन बासष्ट, आणि पाठीचा पार भुगा झालेला. पण रविवारी सकाळी पोरगी निघणार होती, आणि तोवर गाडी चालती करायचीच, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

गाडी म्हणजे लाल, लहानखुरी, बावीस वर्षांची. दिसायला खेळणं, पण इंजिन भलतं दांडगं. नवरा-बायकोने हौसेने घेतलेली, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा बायकोच ती जोरात हाकायची. पोरीला नोकरी लागली होती डोंगरातल्या धरणावर, जिथे बस जात नाही. नवी गाडी नको म्हणाली. आईचीच हवी.

आता गाडीला खालून गंज किती असावा? स्प्रिंगचे पापुद्रे सुटत होते, शॉकअप गळून कोरडे पडले होते, आणि बोल्ट तर असे बसले होते की दोन दिवस तेल पाजावं तेव्हा एखादा हलायचा. हा गंज त्याला काही आज दिसला नव्हता. बायको असताना ती दर महिन्याला म्हणायची, "अहो, मागून आवाज येतोय." आणि हा म्हणायचा, "पुढच्या रविवारी बघतो." असे किती रविवार गेले त्याची मोजदाद नव्हती.

मग सव्वा वर्षापूर्वी एका दुपारी तिला श्वास लागला. त्याने तिला मागे डावीकडे बसवलं आणि निघाला. पुलाच्या अलीकडे मागची डावी स्प्रिंग कडकन तुटली. गाडी त्या कोपऱ्यावर बसली, टायर मडगार्डला घासायला लागला. रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली. तो रस्त्यावर हात करत धावत होता आणि ती काचेतून म्हणत होती, "मी बसलेय हो. होऊ दे सावकाश." रुग्णवाहिका आली तेव्हा ती बसलेलीच होती. फक्त गेलेली होती.

हे सगळं पोरीला माहीत होतं. दोघं त्यावर कधी बोलत नसत.

"बाबा, दुरुस्ती चाललीय की बाळंतपण?" शनिवारी दुपारी तिने गॅरेजच्या दारातून विचारलं.

"झालंच. उद्या सकाळी तुझ्या ताब्यात."

"आरशात बघ स्वतःला. भूत दिसतोयस. राहू दे ना, मी काहीतरी सोय करते."

"नको," तो गाडीखालून म्हणाला. "एवढी एकदा मला नीट करून देऊ दे."

ती सामान भरायला आत गेली. बाहेर आभाळ आलं होतं, शटर अर्धं खाली होतं, आणि भर दुपारी आत दिवा लावावा लागला होता.

स्प्रिंगा नव्या, शॉकअप नवे, रबरी बुश नवे. उरलं होतं शेवटचं काम. या कामाची एक रीत असते. बुशमधून जाणारे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावायचे. गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन तिला पेलू द्यायचं, आणि मगच आवळायचे. कारण ज्या उंचीवर आवळाल तीच उंची ते रबर जन्मभर धरून बसतं.

त्याने चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर उतरवली आणि टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत बोटं घालून मोजलं. पुढे चार बोटं, चार बोटं. मागे उजवीकडे चार. मागे डावीकडे दोन.

"हात्तिच्या," तो म्हणाला.

त्याने जमीन तपासली, ठोकळे तपासले, हवा तपासली. सगळं ठीक. मग निमूटपणे सगळं परत खोललं आणि डावी स्प्रिंग उजवीकडे, उजवी डावीकडे घातली. दोन तास गेले. डोळे मिटत होते. गाडी उतरवली, बोटं घातली. उजवीकडे चार. डावीकडे दोन.

तो तिथेच उकिडवा बसून राहिला. बोटं अजून फटीतच होती. आणि त्या बोटांना जाणवलं... स्प्रिंग कुरकुरली. एकदा मोठ्याने. मग जरा थांबून, हलकेच.

बायको गाडीत बसायची ती आधी दाराशी टेकायची आणि मग आत सरकायची. असेच दोन आवाज यायचे.

गॅरेजमध्ये तेलाचा वास होता, गंजाचा होता, नव्या रबराचा होता. आता त्यात बामचा वास मिसळला. ती गुडघ्यांना चोळायची तो. त्याने मान वर करून काचेतून पाहिलं. सीट रिकामी होती.

घाबरला तो, चांगलाच घाबरला. पण जन्म फिटरकीत गेलेला, म्हणून हातांनी आपलं काम केलं. कोपऱ्यात पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन होते. ते त्याने मागच्या उजव्या सीटवर ठेवले. फट मोजली. जवळजवळ बरोबर झाली होती, केसभर कमी. पाण्याची लिटरची बाटली वर ठेवली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

एकेचाळीस किलो.

जाण्याच्या आठवडाभर आधी पंपघराच्या दवाखान्यात त्यानेच तिला काट्यावर चढवलं होतं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "एकेचाळीस." आणि बायको हसून म्हणाली होती, "चला, लग्नात होते तेवढी झाले." उतरताना मात्र गुडघ्यांनी दगा दिला होता. त्याने हात पुढे केला, तेव्हा कुठे थांबत थांबत उतरली.

पाना हातात घेऊन तो उभा राहिला. असंच आवळलं तर गाडी कायम डावीकडे बसकी राहणार, घाटात, वळणावर, पोरगी एकटी आत असताना. एकटी? त्याला क्षणभर वाटलं, आई सोबत गेली तर काय बिघडलं? आणि लगेच अंगावर सर्रकन काटा आला. कारण ही प्रवासाला निघालेली नव्हती. ती अजून पुलाच्या अलीकडेच बसली होती, वाट बघत.

"अगं..." तो पुटपुटला. "उतर ना आता. पोरीला जायचंय."

काहीच हललं नाही.

"चुकलं माझं. शंभरदा चुकलं..." त्याने पाना खाली ठेवला. "पण तिच्यामागे नको बसूस. मी आहे ना इथे... माझ्यापाशी ये."

त्याने मागचं डावं दार उघडलं आणि सवयीने हात पुढे केला. स्प्रिंग कुरकुरली. आधी हलकेच, मग मोठ्याने. डावी बाजू दोन बोटं वर आली, आणि कॅनच्या भाराने उजवी तेवढी खाली राहिली. हाताला काही लागलं नाही. फक्त हात खांद्यापासून जड झाला.

त्याने कॅन उतरवले. चारही कोपऱ्यांना चार-चार बोटं. एकेक बोल्ट आवळला, प्रत्येकावर आवळल्याची खूण म्हणून पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आणि दिवा मालवला.

रविवारी पोरगी गेली. वळणापर्यंत तो गाडीकडे बघत राहिला. गाडी अगदी सरळ चालली होती. बुधवारी तिचा फोन आला. "बाबा, काय केलंयस रे! लोण्यासारखी चालते." त्याला फार बरं वाटलं. पोरगी सुटली होती.

थकवा मात्र जाईना. जिन्याच्या चार पायऱ्या चढला की दम लागायचा. चपलांच्या टाचा आठवड्यात झिजल्या. सोबतचे म्हणायचे, "फिटर, डावीकडे झुकून काय चालतोस? रजा घे." तो म्हणायचा, "वय झालं बाबांनो."

पुढच्या शुक्रवारी दवाखान्यात वार्षिक तपासणी होती.

"चढा काका," नर्सबाई म्हणाल्या. मागच्या वर्षीच्या कागदावर बासष्ट लिहिलेलं होतं. तो चढला. काटा बासष्ट ओलांडून सरळ पुढे गेला आणि एकशे तीनवर थांबला.

"अगंबाई! बिघडलं वाटतं हे. उतरा बघू."

तो उतरला. काटा मागे आला, एकेचाळीसवर येऊन थांबला, आणि तिथेच राहिला. नर्सबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हातातलं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

फिटरने रिकाम्या काट्यासमोर हात पुढे केला. मग काटा थांबत थांबत शून्यावर आला.