खंडेनवमीची तार

पाटणकर बाजारातल्या माडीवर कोणी यायला लागलं की लक्ष्मीकांतपंत आधी जिन्याचा आवाज ऐकायचे. घेणेकरी धाडधाड येतो. बायकोवर संशय असलेला माणूस अर्ध्या जिन्यातून परत फिरतो.

आज काठी वाजत होती. मागे बाईच्या चपला.

"म्हातारा आहे कोणी," कान्होजी म्हणाला.

"म्हातारा कठडा धरतो. हा पायरी शोधतोय. डोळे गेलेत किंवा जातायत."

पंत पूर्वी ग्वाल्हेर दरबारच्या खुफिया खात्यात होते. रियासत विलीन झाली, मध्यभारत आला, आणि पंतांना हरवलेल्या म्हशींच्या फायली मिळाल्या. त्यांनी राजीनामा फेकला आणि माडीवर पाटी लावली. कान्होजी मोडलेल्या पलटणीतला हवालदार. अंगात दोघांचं बळ, डोकं मात्र सावकाश चालायचं. आता एक तारखेपासून मध्यभारतही संपणार होता. राजधानी भोपाळला, साहेब भोपाळला, खुर्च्यासुद्धा भोपाळला.

दारात उंच, ताठ गृहस्थ उभे राहिले. कान्होजीनं खाडकन सलाम ठोकला. "कप्तान जगदेवराव!"

"कान्होजी का? आवाजावरून ओळखलं." मागे तिशीतली बाई होती, कपाळ मोकळं. "ही माझी सून, उषा. शाळेत शिकवते."

पंत खिडकीपाशी उन्हात बसले होते. पेन्शनसाठी, विम्यासाठी आंधळे झालेले पुष्कळ लोक त्यांनी पाहिले होते. काही न बोलता त्यांनी कप्तानांना चांगली लांब जीभ काढून दाखवली.

"जीभ आत घ्या, पंत," जगदेवराव म्हणाले. "उन्हात बसलायत. एवढं अजून दिसतं मला."

कान्होजी फसकन हसला. पंतांनी कान पकडले. "माफ करा. बसा. वाचता येतं?"

"अक्षरांच्या मुंग्या झाल्यात. डोळ्यातला पडदा सुटत चाललाय. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीच्या आत या. ऑपरेशन केलं तर आहे तेवढं राहील. उशीर केलात तर येऊच नका. त्याच्यासाठी ब्यूक विकली. आता गाडी गेली, आणि पैसेही नाहीत."

"उधारीवर दिलीत?" कान्होजी कळवळला.

"मी घोडदळात होतो, हवालदार. भोळा नव्हतो. गिऱ्हाईक कलकत्त्याचं, चौधरी नावाचं. जाहिरात वाचून पत्र आलं. तोंड कधी पाहिलं नाही. म्हटलं, ड्राफ्ट आला म्हणजे पैसे आले असं मी धरत नाही. ड्राफ्ट पोस्टानं आला तो इथल्या बँकेत वसुलीला टाकला. बँक म्हणाली, वेळ लागेल. म्हणून मी चौधरीला कळवलं, तुमच्या कलकत्त्याच्या बँकेची तार येऊ दे, ड्राफ्ट खरा आहे म्हणून. तार माझ्या हातात, तेव्हाच चाबी तुमच्या माणसाच्या हातात."

"शाबास. मग?"

"खंडेनवमीला त्याचा माणूस आला. त्याच दिवशी तार आली. चाबी दिली. आणि परवा बँकेनं बोलावून सांगितलं, असा ड्राफ्ट कुणी काढलेलाच नाही. बनावट."

"ठाण्यात गेलात?"

"फौजदार म्हणाले, एक तारखेला राज्य बदलतंय, तक्रार नव्या राज्यात द्या. गाडी तर केव्हाच चंबळेपलीकडे गेली असेल."

पंत उषाताईंकडे वळले. "तार कुणी आणली?"

"तारवाल्यानं. फाटकावर. मी सही केली."

"वाचली कुणी?"

"मीच. मामंजींना वाचून दाखवली. ड्राफ्ट बरोबर आहे, गाडी द्यायला हरकत नाही, असं होतं."

"मी हातात घेतली होती," जगदेवराव सावकाश म्हणाले. "कागद तारेचाच. मऊ होता. घडीवर तर अगदी फडक्यासारखा. आणि डांबरगोळीचा वास येत होता." ते थांबले. "बोटं चुकतात म्हणा कधी कधी."

"कुठंय ती?"

"पूजेच्या ताटात ठेवली होती," उषाताई म्हणाल्या. "निर्माल्याबरोबर गेली सागरताळात."

"अच्छा," पंत म्हणाले. "आणि तारवाल्याला बक्षिसी काय दिलीत?"

"बक्षिसी?" त्या गोंधळल्या. "घाई होती. काही नाही दिलं."

---

कप्तानांचं घर फूलबागेच्या मागल्या अंगाला. गाडीखाना उघडा होता. फरशीवर तेलाचा डाग, चाकाखाली चिरडलेलं लिंबू, वाळलेला झेंडू. गाडी नव्हती, पण तिची पूजा अजून तिथंच पडून होती.

ड्रायव्हर दौलतसिंह उंबऱ्यावर बसला होता. मालक नाही तर नाही, पण गाडीच नसलेल्या ड्रायव्हरनं करायचं काय, ते त्याला कळत नव्हतं.

"तारवाला? मैंने तो नहीं देखा, पंडितजी. मैं तो इधर गाड़ी को हार चढ़ा रहा था."

"आणि चौधरीचा माणूस?"

"सुबह से फाटक पर खड़ा था. बहूजी से बातें करता रहा. मुझे चाबी देते बखत रोना आ गया, और वो कम्बख्त हँस के बोला, सरदारजी, टंकी में पेट्रोल कितना है?"

शेजारच्या घरात रघुनाथराव सामान बांधत होते. कप्तानांचे जुने दोस्त, सचिवालयात अधीक्षक. बदली भोपाळला. गाडीची जाहिरात आणि पत्रं त्यांनीच लिहिली होती. ट्रंकांच्या राशीत बसून ते सगळ्या जगावर चिडले होते.

"माझ्यावर संशय आहे ना? असू दे. दलाली मी घेणार होतो, नाही म्हणत नाही. भोपाळला घर कुणाच्या बापानं ठेवलंय माझ्यासाठी?"

"नवमीचा मुहूर्त कुणी काढला?" पंतांनी विचारलं.

"त्या चौधरीनंच. लिहिलं होतं, तुम्हा मराठ्यांत खंडेनवमीला शस्त्रांची, वाहनांची पूजा असते, त्याच शुभदिनी माझा माणूस येईल. जगदेवराव एकदम खूश. म्हणाले, बंगाली असून माणसाला रीत ठाऊक आहे. पूजा करून गाडी पाठवू, लेक पाठवतात तशी."

"तुमचं कोणी आहे कलकत्त्यात?"

"मुलगी. दसऱ्याला तिला पैसे धाडायचे म्हटलं तर जावई लिहितो, आत्ता नका पाठवू, दुर्गापूजा आहे, बँका आणि कचेऱ्या सगळ्यांना टाळं. ते लोक मजा करणार, आणि आम्ही इथं खुर्च्या मोजतोय!"

बाहेर पडल्यावर कान्होजी कुजबुजला, "पंत, हाच. दलाली खाल्ली, आता भोपाळला पळतोय."

"सरकार त्याला पळवतंय, कान्होजी. चल, तारघरात जाऊ."

तारघरातल्या बाबूनं नाक वर करून सांगितलं, नवमीला कप्तान जगदेवरावांच्या नावानं एकही तार नव्हती.

कान्होजीनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे तारवालाच खोटा! चौधरीनं खाकी घालून आपला माणूस पाठवला!"

"तुझ्या गल्लीतला तारवाला दसऱ्याला काय करतो?" पंतांनी विचारलं.

"तो? तार नसली तरी बक्षिसी मागायला येतो मेला."

"हं," पंत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि पंतांचा चेहरा उतरलेला कान्होजीनं रियासत गेली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. "कप्तानांच्या बैठकीत फोटो आहे. लष्करी कपड्यातला पोरगा."

"संभाजीराव. उषाताईंचे मालक. बर्माच्या आघाडीवर कामी आले. मी तेव्हा जखमी होऊन घरी होतो. कप्तानसाहेबांनीच दारात उभं राहून तार घेतली. कुणाला हात लावू दिला नाही."

"लक्ष्मीपूजन होऊन जाऊ दे, मग त्यांच्या घरी बोलू," पंत म्हणाले.

"मुंबईचं काय?"

"मुंबईचं आता काहीच नाही, कान्होजी. पैसे कुठं आहेत?"

तरीही पंतांनी आग्र्याला दोन तारा केल्या, मोरारच्या पेट्रोलपंपांवर चकरा मारल्या. हार घातलेली निळी ब्यूक एकानं पाहिली होती. कुठं गेली, ते कुणीच पाहिलं नव्हतं.

---

पाडव्याच्या दुपारी सगळे कप्तानांच्या बैठकीत जमले. राज्य बदललं होतं. बाहेर पोरं फटाके उडवत होती. खिडकीतून लख्ख ऊन आत पडलं होतं, आणि पंत मुद्दाम त्या उन्हातच बसले होते. मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं. जागा दुसऱ्या रोग्याला दिली होती.

"गाडी मिळाली?" दिवाळीपुरते थांबलेल्या रघुनाथरावांनी विचारलं.

"नाही. मिळणारही नाही. चौधरी म्हणून कोणी नाही, त्याचा पत्ताही खोटा निघाला. त्या माणसाचं डोकं मात्र खरं होतं. त्यानं नवमी का निवडली? तुमच्या रीतीसाठी नाही. त्या दिवशी कलकत्त्यातल्या बँका बंद असतात म्हणून. कुणी विचारायला गेलं तरी उत्तर देणारं कोणी नाही. रघुनाथरावांच्या जावयानं लिहिलं तेच."

"अरे!" रघुनाथरावांनी कपाळावर हात मारला. "मग बंद बँकेनं तार कशी केली?"

"केलीच नाही. तारघर म्हणतं, तार नव्हतीच. कान्होजी म्हणाला, खोटा तारवाला. मलाही आधी तेच वाटलं. पण नवमीला भरल्या घराच्या फाटकावरून तारवाला बक्षिसी न मागता जाईल? आणि तो खोटा असता तर खऱ्याहून जास्त मागितली असती, खरा वाटावा म्हणून. म्हणजे तारवाला आलाच नाही. खरा नाही, खोटा नाही."

कान्होजीच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पण कप्तानसाहेबांनी तार हातात घेतली होती."

"घेतली होती. आजची तार कोरी असते, कडक असते. ही फडक्यासारखी मऊ होती. पुन्हा पुन्हा उघडून, पुन्हा घडी घालून तसा कागद मऊ होतो. डांबरगोळीचा वास तारघरात लागत नाही, कपड्यांच्या ट्रंकेत लागतो. या घरात जपून ठेवलेली एकच तार असणार." पंतांनी फोटोकडे पाहिलं नाही. "आणि ती निर्माल्यात गेलेली नाही. ती टाकणं जमलंच नसतं."

मग उषाताई उठल्या, आत गेल्या, आणि घडी केलेला कागद आणून त्यांनी मधल्या चौरंगावर ठेवला.

"ही," त्या म्हणाल्या.

रघुनाथराव ओरडले, "उषा! तू त्या चोराला सामील?"

"सामील नाहीत," पंत म्हणाले. "सामील असत्या तर माझ्याही जिवाला बरं वाटलं असतं. ताई, तुम्हीच सांगा."

उषाताई उभ्याच राहिल्या. वर्गात बोलावं तशा स्पष्ट बोलल्या. "तो माणूस फाटकावर म्हणाला, कलकत्ता बंद आहे, तार दुर्गापूजा झाल्याशिवाय येणार नाही. ड्राफ्ट तर बँकेत पडलाच आहे, पैसे कुठं जातायत? पण मी थांबणार नाही. आग्र्याला दुसरी गाडी बघून ठेवलीय, संध्याकाळी तिचा सौदा करतो. मामंजी तर हट्टाला पेटलेले, तारेशिवाय चाबी नाही. मला वाटलं, ड्राफ्ट खरा आहे, तार फक्त अडलीय. ही गाडी नाही गेली तर दिवाळी हुकणार. घरात दुसरा तारेचा कागद नव्हता."

"आणि तुम्ही तो समोर धरून भलतंच वाचलंत," कान्होजीच्या तोंडून निघून गेलं. मग त्याला त्या कागदावर काय लिहिलंय ते आठवलं, आणि तो खाली बघायला लागला.

"हो. अक्षरांकडे बघितलंच नाही मी."

पंत हळूच म्हणाले, "कप्तानसाहेब, तुमची अट पक्की होती. फक्त एक राहिलं, पैसे आले का, हे आपल्या बँकेत आपण होऊन जाऊन विचारायचं, आणि तिनं हो म्हणेपर्यंत गाडी हलवायची नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. त्या माणसानं तुम्हाला नाही फसवलं. तुमच्यावर जीव असलेलं माणूस गाठलं."

जगदेवरावांनी हात पुढे केला. उषाताईंनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी घडीवरून अंगठा फिरवला.

"पंत, तुम्ही काही नवीन नाही सांगितलंत. ही मीच दारात घेतली होती. पहिली घडी मी घातली."

उषाताईंचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मामंजी, त्या दिवशी तुम्ही ओळखली होतीत?"

"हात लावताच."

"मग चाबी का दिलीत? मला थोबाडीत का नाही मारलीत?"

"म्हटलं, सून ही तार पुढे करतेय म्हणजे तिला काहीतरी पक्कं ठाऊक असेल." ते थांबले. "खोटं बोलतोय मी. मला काही वाटलं नाही. मलाही डोळे हवे होते, पोरी. पंतांकडे गेलो ते एवढ्यासाठी, की कोणीतरी म्हणावं, म्हातारबा, तुमची बोटं चुकली."

उषाताई खाली बसल्या आणि त्यांनी मामंजींच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. रघुनाथराव उठून बाहेर गेले. दौलतसिंह दारात होता, त्यानं त्यांना वाट दिली. बाहेर एक लड लागली, बराच वेळ तडतडत राहिली.

"पंत," ती थांबल्यावर जगदेवराव म्हणाले, "गप्प का झालात? तुमची फी राहिलीय. आणि फराळ केल्याशिवाय जायचं नाही."

खिडकीतलं ऊन सरळ पंतांच्या तोंडावर होतं. त्यांनी मान पुढे केली आणि कप्तानांच्या तोंडासमोर चांगली लांब जीभ काढली. काढून तशीच धरली.

"बोला ना," जगदेवराव अदबीनं म्हणाले, पंतांच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत. "आहात ना समोर?"

पंतांनी जीभ आत घेतली. या खेपेला कान्होजी हसला नाही.

"आहे, कप्तानसाहेब," पंत म्हणाले. "इथंच आहे."