सातव्या टाकीचं उत्तर

१९९४ साली अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता, आणि तो चालवणारी सरस्वतीही एकटीच. मांजर्लीहून ती साडेआठला यायची. टाकी धुवायला कामगार आत उतरण्याआधी टाकीचा नंबर आणि आतलं तापमान तिच्याकडे यायचं. आत किती मिनिटं थांबता येईल, ते तिचा प्रोग्रॅम सांगायचा.

हिशेब किचकट होता. मशीन चार मिनिटं घ्यायचं. म्हणून तिनं एक सोय केली होती: एकदा निघालेलं उत्तर मेमरीत ठेवायचं, आणि पुन्हा तोच प्रश्न आला की हिशेब न करता तेच उत्तर लगेच द्यायचं. मशीन बंद केलं की मेमरी कोरी.

जूनमध्ये मॅनेजर दौलतराव तिच्या टेबलापाशी आले.

"आठ मिनिटांत टाकी धुऊन होते का? वीस कर."

"साहेब, आत वाफ साठलेली असते. माणूस—"

"आकडा बदलतेस की राजीनामा लिहितेस?"

नोकरीला चारच महिने झाले होते. दातओठ खात तिनं सूत्रातला आकडा बदलला.

बारवीकडच्या पाड्यावरचा धोंडिबा गुरुवारी सातव्या टाकीत उतरला. चौदाव्या मिनिटाला दोरानं वर ओढला, तेव्हा संपलेला होता. त्याची बायको चंद्री गेटवर उभी राहून एकच विचारत होती, "ईस मिन्टं कोनी सांगितली? त्याचा नाव सांगा मना." टाकी सील झाली. बोर्डावर नोटीस लागली: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात.

ती नोटीस वाचून सरस्वतीची कानशिलं तापली. शनिवारी सकाळी तिनं मशीन सुरू केलं आणि सात नंबर, त्या दिवशीचं तापमान टाकलं. मेमरी कोरी होती. हिशेबाला चार मिनिटं लागायला हवी होती.

उत्तर तत्क्षणी आलं. शून्य.

तिनं प्लग काढला. अर्धा तास थांबून परत विचारलं. शून्य. जुना, खरा आकडा सूत्रात घातला. बाकीच्या टाक्यांनी चार-चार मिनिटं घेऊन आठ सांगितलं. सातवीनं मात्र लगेच, शून्य. शेवटी सगळी डिस्क पुसून तिनं फ्लॉपीवरून प्रोग्रॅम नव्यानं चढवला.

शून्य.

सोमवारी अकराला सरकारी इन्स्पेक्टर यायचे होते. दौलतराव दहालाच आले.

"जुना आठवाला आकडा परत घातलास ना? दाखव."

"घातलाय. मशीन आत्ताच सुरू केलंय. तुम्हीच विचारा."

त्यांनी एका बोटानं टाइप केलं. शून्य पाहून त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे मुद्दाम केलंस तू!"

"मुद्दाम केलं ते जूनमध्ये!" सरस्वती आयुष्यात पहिल्यांदा साहेबावर ओरडली. "तुमच्या सांगण्यावरून. त्याचं नाव मी चंद्रीबाईला सांगणार आहे. तुमचं, आणि माझंही."

"आधी ती मेमरी दाखव."

तिनं यादी उघडली. प्रत्येक उत्तरापुढे, तो प्रश्न किती वेळा विचारला गेला, ते प्रोग्रॅम लिहून ठेवायचा. यादीत एकच ओळ होती. टाकी सात. उत्तर शून्य. दौलतरावांनी एकदाच विचारलं होतं.

पुढे आकडा होता ३११.

मग ३१२.

"हात काढ तिथून!"

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

३१३.

तिनं मशीनच्या मागून की-बोर्डची वायर उपसली आणि की-बोर्ड त्यांच्या हातात दिला.

"घ्या. आता कोण विचारतंय ते बघा."

३१४.

बाहेर जीप थांबली. इन्स्पेक्टरला आणायला ती निघाली आणि दारातून एकदा वळली. दौलतराव की-बोर्ड छातीशी धरून बसले होते, वायर जमिनीवर लोंबत होती, आणि पडद्यावरचा आकडा आता भराभर वाढत होता, धाप लागलेल्या माणसासारखा.