बारावा अंगठा

"लिफ्टमधून नेणार म्हणे! त्याच लिफ्टमधून आमची भाजी वर येते," उज्ज्वलाताई दाराआड पुटपुटल्या. जिन्यात उभ्या असलेल्या वैजयंतीला शब्दन् शब्द ऐकू आला. तिने तरीही बेल वाजवली. समोर माणूस उभं राहिलं की नाही म्हणायला जड जातं, एवढ्याच भरवशावर ती सकाळपासून दारं वाजवत होती.

कऱ्हाडच्या सहजीवन सोसायटीत बारा बिऱ्हाडं. नीलज्वराच्या साथीत नर्स म्हणून गेलेली वैजयंतीची लेक मैत्रेयी स्वतःच आजारी पडली आणि डॉक्टरांनी हात टेकले. अशा रुग्णाला आता श्वासपेटीतून घरी आणता येई. माणूस मावेल एवढी काचेची पेटी. आतली हवा बाहेर पडण्याआधी तापलेल्या नळीतून जाते, विषाणू तिथेच जळतो. अट एकच. इमारतीतल्या प्रत्येक घराचा अंगठा 'ना हरकत'च्या पाटीवर हवा. कुणाचा आला, कुणाचा नाही, हे पाटी सांगत नाही. नुसता आकडा दाखवते. पाचपर्यंत बारा झाले नाहीत, तर गाडी परत साथछावणीत.

"पेटीतून काही बाहेर येत नाही हो, ताई."

"तसं नाही गं. पण वीज गेली तर?"

"बॅटरी आहे."

"आणि उंदरांनी वायर कुरतडली तर?"

"उंदीर तुमच्याकडे आहेत. आमच्याकडे कधी आलेत?"

उज्ज्वलाताईंना हसू फुटलं, पाठोपाठ डोळे भरले. "आमच्याच ताटात जेवायची गं ती," म्हणत त्यांनी वैजयंतीच्या हातातल्या पाटीवर अंगठा टेकवला.

प्रत्येक दारात कारण वेगळं. कुणाची पाण्याची टाकी, कुणाच्या मुलीला बघायला येणारे पाहुणे. खरं कारण मात्र एकानेही तोंडातून काढलं नाही.

साडेचारला मैत्रेयीची गाडी फाटकात लागली. सगळी बिऱ्हाडं खाली जमली. पाटीवर अकरा.

"बारावा कोण?" सोनवणेकाका खेकसले. "मी दिलाय, आईची शपथ! ए पाटणकर, तूच असशील."

"मी? सकाळीच दिला! तुम्हीच लिफ्टला कुलूप लावा म्हणत होतात."

वैजयंतीने उजवी मूठ ओढणीत घट्ट आवळली. आपला अंगठा सर्वांत आधी द्यायचा होता. पण आधी तिने दिवा लावला, मग मैत्रेयीची पेज शिजत ठेवली, मग म्हणाली, शेवटी देऊ. मागच्या साथीत नवऱ्याला तिनेच हट्टाने घरी आणलं होतं. आठवड्यात तो गेला, मागोमाग सासूबाई. तेव्हा पेटी नव्हती, आता आहे. ती कशी चालते हे तिने अकरा घरांत समजावून सांगितलं होतं. हात तेवढा उचलत नव्हता.

गाडीतल्या पेटीत, काचेआड मैत्रेयीने मान वळवली. ओठ निळे पडलेले, डोळे मात्र तेच.

"काका, पाटणकरांना कशाला बोलता?" पेटीच्या स्पीकरमधून घासत आवाज आला. ती आईकडे बघत होती, रागाने नव्हे. वॉर्डात एखाद्या नातेवाइकाला धीर द्यावा तसं.

"आई, तू मला घाबरतेस ना?"