कोष्टीआळीच्या गुढ्या

शके सतराशे एक्केचाळीस सरत आले होते. फाल्गुनातल्या त्या पहाटे निंबगडचा डोंगर धुक्यात उभा होता, आणि पायथ्याच्या शहराचा तट, बुरूज, नगारखाना हळूहळू उजळत होता. दरवर्षी या सुमाराला तटाआतून मागांची खटखट ऐकू येई. निंबगडची लुगडी तेव्हा नर्मदेपलीकडे जात. त्या वर्षी मात्र कोष्टीआळी मुकी होती, आणि तटाबाहेरच्या माळावर पालांमागून पाले दिसत होती.

मार्गशीर्षात शहरात पटकीचा वाखा शिरला होता. सकाळी हसतेखेळते माणूस ओकाऱ्याढाळांनी सांजेपर्यंत वाळून जाई. पहिला घाला कोष्टीआळीवर पडला. शहरच्या पंचांनी आणि दिवाण त्र्यंबकपंतांनी आळी रिकामी करवली, फौजेचे तंबू माळावर ठोकून दिले, रोज जोंधळा पोचवला, आणि आळीचे तोंड बाभळीच्या काट्यांनी बंद केले. खरे बोलायचे तर पंतांनी त्या हिवाळ्यात शहर वाचवले. कोष्ट्यांनी त्यांना दुवाच दिला होता.

माघात वाखा ओसरला, तरी वेशीचा दरवाजा उघडेना.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कोंडाई दिवटे दरवाजाखाली येऊन उभी राहिली. आळीतली थोर विणकरीण, विधवा, जिभेने तिखट. वर सज्जात शहर कोतवाल हैबतराव निगडे उभे होते.

"कोतवालसाहेब, उद्या पाडवा. दार उघडता का न्हाई?"

"हुकूम नाही, कोंडाई."

"मग गुढी काय तटावरनं भिरकावू? दारी गुढी न्हाई तर घर सरकारचं, ही रीत तुमच्याच राज्याची न्हवं?"

रीत खरी होती. थोरल्या महाराजांच्या काळी दुष्काळाने निम्मे शहर ओस पडले, तेव्हा त्यांनी ठरवले होते, की पाडव्याला सूर्य मावळेतो ज्या दारी गुढी उभी राहिली नाही, ते घर उजाड समजावे आणि निराश्रितांना द्यावे. निंबगडात मोमिन विणकरांच्या दारीसुद्धा त्या दिवशी काठीला कोरे कापड बांधीत. इथे माणूस नांदते, एवढीच त्याची खूण.

"दुसरं घर देतील," हैबतराव म्हणाले, पण डोळे वळवून.

"आन् माग? माग काय पाठीवर न्यायचा? भुईत खड्डा खणून रोवलाय, माझ्या सासऱ्यानं. तो गेला की कोष्टी गेला." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या कारभारीण आन् लेकरू ह्याच दुखण्यानं गेली. रिकामं घर कसं असतं, ते तुमाला मी सांगू?"

त्याच दुपारी सदरेवर बालराजांच्या आजी, सगुणाऊसाहेब, चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. शिक्का पंतांकडे, मान आऊसाहेबांकडे, अशी तेव्हाची वाटणी होती.

"पंत, कोष्ट्यांना उद्यापुरते घरी येऊ द्यावे."

"आऊसाहेबांची आज्ञा शिरसावंद्य," पंत लवून म्हणाले, "परंतु रोगाचे बीज त्या आळीतच आहे. शिवाय लढाईवरून परतलेल्या शिबंदीची बायकामुले धर्मशाळेच्या ओट्यांवर पडली आहेत. त्यांना छप्पर द्यायचे कोठून? रीतीप्रमाणे आळी उजाड ठरेल; रीतीप्रमाणेच वाटली जाईल."

"आणि रोगाचे बीज त्या लेकरांना लागणार नाही? बरे, आळीची चौकाकडची बाजू?"

पंतांनी उपरणे सावरले. "तेथे पागा व्हावी, असा विचार आहे."

पागेचे नवे सरदार पंतांचे व्याही होते. हे सदरेवरच्या हुजऱ्यालाही ठाऊक होते.

आऊसाहेबांनी चिकाआडून मान हलवली. मग म्हणाल्या, "तुम्ही कर्ते. आम्हांला उद्या पहाटे देवीला जायचे आहे. बरोबर भालाईत असू द्या. लुगड्यांचा पेटारा येईल, देवीला ओटी भरायची आहे."

"अवश्य," पंत म्हणाले. म्हातारीची समजूत इतकी स्वस्तात पटली, याचे त्यांना बरे वाटले.

पाडव्याला तांबडे फुटताना पालखी निघाली. देवीचे देऊळ चौकातून उजवीकडे. पालखी डावीकडे वळली आणि कोष्टीआळीच्या काट्यांसमोर भुईवर टेकली. भालाइतांनी एकमेकांकडे पाहिले. पहाऱ्यावर स्वतः हैबतराव होते.

"आऊसाहेब, आत कोणासही सोडू नये, असा दिवाणांचा हुकूम आहे."

"तुम्ही हुकमाचे बांधलेले, हे आम्ही जाणतो. आम्हांला अडवण्याचाही हुकूम असेल, तर अडवा. नसेल, तर हे काटे म्हाताऱ्या हातांना निघायचे नाहीत."

हैबतरावांनी आळीकडे पाहिले. बंद दारे, ओट्यांवर धूळ, कोणाच्या तरी पोराची पांगुळगाडी. याच रोगाने त्यांच्या मांडीवर पोर गेले होते. त्या घरांत पाऊल टाकणे म्हणजे काय, हे शहरात त्यांच्याइतके कोण जाणत होते? त्यांनी कमरेचा शेला सोडून हातांना गुंडाळला आणि काटे ओढायला सुरुवात केली.

भालाईत जागचे हलेनात. "आत मी जातो," हैबतराव म्हणाले. "तुम्ही उंबऱ्याबाहेर भाले रोवा."

"गुढीला भाला चालंल का?" एकाने चाचरत विचारले.

"न चालायला काय झाले? तुझ्या खांद्यावर नुसता गंजतोच आहे," आऊसाहेब म्हणाल्या. त्याही घाबरलेल्या वातावरणात कोणीतरी हसले.

हैबतराव घराघरांत शिरले आणि प्रत्येक घरचा तांब्या त्यांनी बाहेर आणला. कोंडाईच्या मागावर अर्धे विणलेले लुगडे होते. ते त्यांनी कापडासाठी उचलू पाहिले.

"त्याला हात लावू नका," आऊसाहेब दारातून म्हणाल्या. "ते तिला पुरे करायचे आहे." त्यांनी पेटाऱ्यातून आपल्या लग्नातला शालू काढून दिला.

भाले संपले, तेव्हा पालखीची दांडी काढली. मोमिनांच्या दारी कोरी कापडे बांधली. ऊन चढले. घसा कोरडा पडला, तेव्हा हैबतराव आळीतल्या एका रांजणाच्या तळचे पाणी ओंजळभर प्याले. ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

पंत घोडा फेकीत आले आणि आळीच्या तोंडाशी थांबले.

"आऊसाहेब! हे रीतीला धरून नव्हे!"

"रीत आमच्या सासऱ्यांची. दारी गुढी हवी, इतकेच ते सांगून गेले. हात कोणाचा, हे सांगितले नाही. तुम्हांला मान्य नसेल तर या, आत या आणि आपल्या हाताने उतरवा."

घोड्याचा खूर काट्यांच्या रेषेवर वाजला. पंतांनी आत पाहिले, घरांची उघडी दारे पाहिली. लगाम ओढला. घोडा मागे सरला.

तटाला लागून चढावर असलेल्या त्या आळीतले भाले बाहेरच्या माळावरून दिसत होते. कोंडाईने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि एकेक गुढी मोजली.

दुसऱ्याच दिवशी दरवाजा उघडला आणि कोष्टी घरी आले. शिबंदीच्या बायकामुलांना आऊसाहेबांनी आपला बागेतला महाल दिला. स्वतः त्या शेवटपर्यंत देवडीवरच्या दोन खोल्यांत राहिल्या. पंत आणखी बरीच वर्षे दिवाण होते. डोंगरावरचे चांगले पाणी खापरी नळांनी त्यांनीच शहरात आणले, आणि वाखा पुन्हा तसा फिरकला नाही. माणूस एकाच रंगाचा नसतो. व्याह्यांची पागा मात्र कधी झाली नाही.

हैबतराव पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच दुखण्याने गेले. त्यांना शेवटचे पाणी पाजायला दार ढकलून आत शिरली ती कोंडाई. अर्धे लुगडे तिने पुरे केले, पण विकले नाही.

कोतवालांच्या घराला वारस नव्हता. पुढच्या पाडव्याला ते सरकारजमा व्हायचे. कारकून सांजेला शिक्का घेऊन गेले, आणि दारातूनच परत फिरले. बंद दाराशी गुढी उभी होती, तिच्यावर कोंडाईचे लुगडे. त्याच्या पुढच्या वर्षीही होती. कोंडाई गेल्यावर तिच्या सुना उभारू लागल्या. निंबगडचे राज्य बुडाले, ती रीतही बुडाली. पण त्या घराला कोणी कधी उजाड म्हटले नाही.