आखडतं पाऊल

धाकट्या बहिणीचं, रूपाचं, माझ्याआधी लग्न उरकलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लहानपणीच्या तापानंतर माझा डावा पाय ओढत पडे, म्हणून मी मागे राहिले होते.

दोंडाईच्याला वाळत घातलेल्या मिरच्यांमधून मी वाट काढत होते. समोरून एक तरुण शिंकत आला.

"तुम्हाला शिंका येत नाहीत?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"आम्ही मिरचीतच वाढलो. तुम्ही कुठले?"

"सावद्याचा... केळीतला. इथं मामाकडे आलोय."

"तरीच. मऊ दिसता."

तो हसला. मी लांब जाईपर्यंत बघत राहिला. माझी चाल त्याला दिसली असणार — मला वाईट वाटलं.

आठवड्यानं तोच, वना, मामांबरोबर मला बघायला आला. पोहे झाले. मामा म्हणाले, "पोरी, जरा चालीसन दखाड."

तेव्हा मुलीला चालून दाखवायला लावत. आधीची स्थळं याच ओसरीवरून परत गेली होती. मी उभी राहिले... पाऊल उचलेना.

वना उठला. "मामा, पहिले मी चालतो. तिनं नको बघायला?"

"हाई काय नवीन शे?" मामा म्हणाले.

तो तुळशीपर्यंत गेला, परत आला. मग माझ्याशेजारी उभा राहून हळूच म्हणाला, "आता दोघं."

चालता चालता मी विचारलं, "पाय दिसला ना?"

"त्या दिवशीच. तुझ्यापुढे मी कधी चालणार नाही."

"लग्नाआधी सगळेच असं बोलतात."

"मग बघ..."

लग्न होऊन सावद्याला आले. तिथं नवरा पुढे, बायको मागे, अशीच रीत. हे मात्र पाऊल आखडतं घेत. मित्र विचारत, "वना, पायात काटा मोडला का रे?"

"हो. राहू दे, बरा आहे."

मी पदराआड हसे.

पुढे मुलाकडे जळगावला, मेहरूणला आलो. रोज संध्याकाळी तलावाकाठी फिरायचो. तिथंही हे शेजारीच.

काल नात मोहिनी वही घेऊन बसली होती. "आजी, इंग्रजीत 'वॉक द टॉक' म्हणतात. जे बोललो, ते वागून दाखवायचं. नुसतं बोलणाऱ्याला ऐकवतात, आता करून दाखव. यावर वाक्य हवंय."

"आजोबांचं लिही," मी म्हटलं.

"ते काय बोलले होते?"

मी तिला ओसरी सांगितली, मिरच्याही सांगितल्या. तलावाकाठची शेवटची फेरी तेवढी सांगितली नाही. त्या संध्याकाळी ह्यांना दम लागत होता. मी पाऊल आखडतं घेतलं.

"आज तू हळू चालतेस," हे म्हणाले.

"पाय दुखतोय," मी म्हटलं.

हे हसले. त्यांना कळलं होतं.

माझे यजमान वना गेल्या माघात, त्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारले.